खाली कोणते, वर कोणते? — नेच्याच्या बीजाणूच्या शोधाची दोनशे वर्षे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही नेच्याचे नाव सांगितले आणि पलीकडून क्षणभर काहीच उत्तर आले नाही. कामगार चळवळीतला मनुष्य महागाई भत्ता, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. आणि ती रास्तच होती. आमच्या युनियनच्या कचेरीतही एका सहकाऱ्याने विचारले, "दादा, त्या शेवाळाशी आपला काय संबंध?" नेचा म्हणजे शेवाळ नव्हे, एवढे त्याला तेथल्या तेथे सांगितले. उरलेले उत्तर आज ह्या व्यासपीठावरून देण्याचा विचार आहे.

आपल्या गावातल्या जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या भिंती डोळ्यांपुढे आणा. आता वैशाखात त्या कोरड्या ठणठणीत आहेत. मृगाचे दोन पाऊस चांगले झाले, की मोरीच्या नळाशेजारी, विटांच्या सांध्यांतून हिरवी नक्षीदार पाने डोकावू लागतात. ती कोणी लावलेली नसतात. त्या झाडाला फूल येत नाही, फळ धरत नाही, बी तर नाहीच. पान उलटे करून पाहिले, तर मागच्या अंगास तपकिरी ठिपके किंवा पट्टे दिसतात, आणि ते पिकले म्हणजे त्यांतून भुकटी झडते. ह्या भुकटीचा एकेक कण म्हणजे एकेक बीजाणू होय.

हा बीजाणू म्हणजे एकुलती एक पेशी. आंब्याच्या कोयीत किंवा वालाच्या दाण्यात इवलेसे मूळ आणि इवलासा कोंब आधीच तयार असतात. बीजाणूत तसे काही नाही. त्याला मूळ नाही, शेंडा नाही, डोके नाही की पाय नाहीत. तरीही ओल आणि उजेड मिळाला, की त्यातून मुळासारखा एक बारीक धागा निघून मातीची वाट धरतो आणि दुसऱ्या अंगाने हिरवा भाग वाढू लागतो. ज्याला अद्याप वरची बाजूच नाही, त्याला खाली कोणते हे कोण सांगते? हा प्रश्न ऐकावयास पोरकट वाटतो. परंतु त्याचे उत्तर मिळण्यास दोनशे वर्षे लागली, आणि एवढा विलंब का लागला हेच आजच्या व्याख्यानाचे खरे सूत्र आहे.

प्रथम भुकटीची ओळख पटावयास हवी होती. युरोपातल्या जुन्या लोकांनी असा विचार केला, की ज्या अर्थी झाड उगवते त्या अर्थी बी असलेच पाहिजे, आणि ज्या अर्थी ते दिसत नाही त्या अर्थी ते अदृश्य असले पाहिजे. मग जो कोणी ते मिळवील तो स्वतःही अदृश्य होईल, अशी समजूत पसरली. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' ह्या नाटकातही तिचा उल्लेख येतो. ह्या समजुतीला धक्का देणाऱ्यांपैकी एक होता जमेकातला जॉन लिंडसे नावाचा शस्त्रवैद्य. त्याने नेच्याची भुकटी मातीवर पेरली, सूक्ष्मदर्शकातून तिच्यावर नजर ठेवली आणि तिच्यातून नेचे उगवतात हे दाखवून 1794 साली लंडनच्या लिनीअन सोसायटीच्या ग्रंथात प्रसिद्ध केले.

तरीही मधला दुवा सापडत नव्हता. बीजाणूतून एकदम नेचा उगवत नाही. आधी नखाहूनही लहान, बहुधा हृदयाच्या आकाराचे एक हिरवे पान तयार होते. 1844 साली कार्ल नेगेली याने ह्या पानावर नर अवयव पाहिले. 1848 साली लेश्चित्स-सुमिन्स्की ह्या पोलिश सरदाराने मादी अवयव दाखविले. पावसाच्या थेंबात पोहत नरपेशी अंडपेशीपाशी जाते, आणि त्या संयोगातून खरा नेचा उभा राहतो. म्हणजे येथे मुलगी आईवर जात नाही, आजीवर जाते.

हा सगळा कारभार एका सूत्रात गोवला तो विल्हेल्म हॉफमायस्टर याने, 1851 साली. ह्या मनुष्याविषयी चार शब्द अधिक बोलल्यावाचून आमच्याने राहवत नाही. तो कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. पंधराव्या वर्षी त्याची शाळा सुटली. लाइपझिग शहरात त्याच्या वडिलांचा संगीताची पुस्तके छापण्याचा व विकण्याचा धंदा होता. त्या दुकानात तो दिवसभर राबे, आणि दुकान उघडण्यापूर्वीच्या पहाटेच्या वेळात सूक्ष्मदर्शकापुढे बसे. दृष्टी अतिशय अधू. वस्तू अगदी डोळ्यांशी धरावी लागे. शेवाळी, नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष ह्या सर्वांच्या जीवनात दोन पिढ्या आळीपाळीने येतात, हे त्याने वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी सिद्ध केले. 1863 साली हायडेलबर्ग विद्यापीठाने त्याला प्राध्यापक म्हणून बोलावले. शाळा अर्धी टाकून कामाला लागलेल्या आणि पुढे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर शिकलेल्या आमच्यासारख्याला हे वाचून किती धीर आला असेल, हे सांगावयास नको.

आता जीवनक्रम कळला. दिशेचा प्रश्न पुढे उभा राहिला. बीजाणूला दिशा सांगू शकतील अशा दोन गोष्टी सहज सुचतात. एक उजेड आणि दुसरे पृथ्वीचे आकर्षण, म्हणजे गुरुत्व. ह्यांपैकी उजेडाचे काम आधी उमगले, कारण उजेड बंद करता येतो. खोलीचे दार लावले, वर काळे कापड टाकले, की प्रयोग सुरू झाला. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ इव्हान बोरोडिन याने 1868 साली दाखविले, की नेच्याच्या बीजाणूंना रुजण्यासाठी उजेड लागतो. पुढे 1885 साली जर्मनीत अर्न्स्ट श्टाल याने एक्विझेटम ह्या नेच्यांच्या नात्यातील वनस्पतीचे बीजाणू घेतले आणि त्यांवर एकाच बाजूने उजेड सोडला. पेशीचे दोन भाग होताना मधली भिंत उजेडाच्या रेषेला आडवी पडली. उजेडाकडचा भाग हिरवा झाला आणि सावलीकडच्या भागातून मुळाचा धागा फुटला. उजेडाची दिशा बदलली, की भिंतीचीही दिशा बदलली. म्हणजे उजेड केवळ जागे करीत नाही. काही जातींत तो वाटही दाखवितो.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ह्या विषयात आणखी भर पडली. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथील सरकारी शेतकी केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी यांनी 1952 साली लेट्यूसच्या बियांवर प्रयोग केले. तांबड्या उजेडाने बी रुजते. तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद तांबडा उजेड लगोलग टाकला तर ते रुजणे रद्द होते. पुन्हा तांबडा टाकला की पुन्हा रुजते. हा आळीपाळीचा खेळ कितीही वेळा करा, शेवटचा उजेड कोणता एवढ्यावर निकाल. हा उजेड ओळखणाऱ्या द्रव्याला फायटोक्रोम हे नाव पडले. 1956 साली हान्स मोर याने नेच्याच्या बीजाणूंतही हाच व्यवहार चालतो, असे दाखविले. दाट पानांखाली झिरपणाऱ्या उजेडात तांबडा भाग थोडा आणि गडद तांबडा पुष्कळ असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या योजनेचा उपयोग कळतो. उजेडाच्या रंगावरून बीजाणूला वरची सावली समजते.

परंतु गुरुत्वाचे काय? उजेडाला दार लावता येते, गुरुत्वाला कोणते दार लावावयाचे? आपण जन्मल्यापासून एक क्षणही त्यावाचून राहिलेलो नाही. जे कधी थांबतच नाही त्याचे काम कोणते, हे वेगळे काढून दाखविणे फार कठीण असते. म्हणून गुरुत्वाच्या शोधाचा इतिहास हा युक्त्यांचा इतिहास आहे.

पहिली मोठी युक्ती टॉमस अँड्रयू नाइट ह्या इंग्रज बागाइतदाराची. गुरुत्व काढून टाकता येत नसेल तर त्याच्याशी दुसरे बळ झुंजवावे, असे त्याने ठरविले. बागेतल्या ओढ्याच्या पाण्यावर त्याने एक लहानसे उभे चाक फिरते ठेवले, मिनिटाला सुमारे दीडशे फेऱ्यांच्या वेगाने, आणि त्याच्या कडेला घेवड्याच्या जातीचे दाणे बांधले. फिरत्या चाकावरची वस्तू बाहेर फेकली जाऊ पाहते, हे गोफण फिरविणाऱ्या राखणदाराला ठाऊक असतेच. त्या दाण्यांची मुळे चाकाच्या बाहेरच्या दिशेने गेली आणि कोंब आसाकडे वळले. मग त्याने चाक आडवे ठेवून त्याहून वेगाने फिरविले. तेव्हा मुळे बाहेर पण किंचित खाली, आणि कोंब आत पण किंचित वर, अशी तिरपी वाढली. दोन्ही बळांचा मेळ पडला. 1806 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे निवेदन वाचले गेले. झाडाच्या मुळाला बळ कळते, मग ते पृथ्वीचे असो वा चाकाचे, हे ह्यातून ठरले.

दुसरी युक्ती युलिउस झाक्स ह्या जर्मन पंडिताची. त्याने चाक वेगाने नव्हे तर अगदी मंद फिरविले. आडव्या आसावर रोप सावकाश फिरत राहिले, की त्याची प्रत्येक बाजू पाळीपाळीने खाली येते. गुरुत्व नाहीसे होत नाही, पण त्याला एक बाजू धरता येत नाही. ह्या यंत्राला क्लिनोस्टॅट म्हणतात. 1880 साली चार्ल्स डार्विन आणि त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी रोपांच्या हालचालींवर ग्रंथ लिहून मुळाचे टोक हे ह्या संवेदनेचे स्थान असल्याचे प्रतिपादन केले. 1900 साली हाबरलांट आणि नेमेट्स ह्या दोघांनी स्वतंत्रपणे असे मत मांडले, की मुळाच्या टोकातील पेशींत स्टार्चचे जड कण असतात, ते तळाशी बसतात आणि त्यावरून खालची बाजू ओळखली जाते.

हे सारे शोध बी असलेल्या झाडांचे होते. त्यांत मूळ आधीच असते. फक्त ते वळते. आडवे केले की पुन्हा खाली वळते. नेच्याच्या बीजाणूचा प्रश्न त्याहून मुळाशी जाणारा आहे. मूळ कोणीकडे वळेल हा तेथे प्रश्नच नाही. शरीराची कोणती बाजू मूळ होईल, हाच प्रश्न आहे. आणि येथे शास्त्रज्ञ दीर्घकाळ उजेडापाशीच थांबले. अनेक जातींच्या बीजाणूंत दिशा उजेडाने ठरते असे दिसले होते, म्हणून गुरुत्वाकडे फारसे लक्ष गेले नाही.

ते गेले 1990 नंतर, अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील प्रयोगशाळेत. एडवर्ड्स आणि स्टॅन्ली रू यांनी सेराटोप्टेरिस रिचर्डी हा पाणथळ जागी वाढणारा नेचा निवडला. ह्याच कुळातील दुसरी एक जात आपल्या देशातही तळ्यांच्या काठी आणि भातखाचरांत आढळते. ह्या नेच्याच्या बीजाणूचे कवच इतके स्वच्छ, की सूक्ष्मदर्शकातून आतल्या पेशीचे केंद्रक हालताना दिसते. बीजाणू अंधारात ठेवले तर ते झोपलेले राहतात. उजेड दाखविला की तो क्षण शून्य धरून घड्याळ सुरू करावयाचे.

1994 साली त्यांनी जे छापले ते असे. उजेड मिळाल्यापासून सुमारे 40 तासांनी मुळाचा धागा बाहेर पडतो, आणि शंभरातले नव्वदांहून अधिक धागे खाली जातात. क्लिनोस्टॅटवर फिरविले तर वाटेल त्या दिशेला जातात. म्हणजे गुरुत्वाचा हात आहे हे ठरले. मग त्यांनी बीजाणू निरनिराळ्या वेळी उलटे करून पाहिले. पहिल्या तीन तासांच्या आत उलटे केले, तर बहुतेक धागे नव्या खालच्या दिशेला गेले. आठ तासांनंतर उलटे केले, तर ते जुन्याच दिशेला, म्हणजे आता वर, निघाले. एकदा बाहेर पडलेला धागा तर कसाही फिरवा, आपली वाट बदलत नाही. वालाचे मूळ पुन्हा वळते. हे वळत नाही.

ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. धागा दिसतो चाळिसाव्या तासाला. त्याची दिशा ठरून जाते पहिल्या सात-आठ तासांत. ज्या वेळी बाहेरून पाहणाराला कणात काही म्हणजे काही घडताना दिसत नाही, त्याच वेळी सर्वांत महत्त्वाचा निर्णय होत असतो.

मग हा निर्णय पेशीत करतो कोण? प्रथम संशय केंद्रकावर जातो. सुमारे तेराव्या तासाला ते खाली सरकू लागते, आणि जिकडे ते जाते तिकडेच पुढे धागा फुटतो. ते जड म्हणून बुडत असेल आणि त्यावरूनच दिशा ठरत असेल, असे कोणासही वाटेल. पण वेळेचा हिशोब जुळत नाही. निर्णय आठव्या तासापर्यंत झालेला असतो आणि केंद्रक हालते तेराव्याला. शिवाय 1998 सालच्या त्यांच्या दुसऱ्या लेखात आढळते, की निर्णयाच्या काळात केंद्रक बीजाणूवरच्या तीन रेघांच्या खुणेमागे नुसते इकडे तिकडे घुटमळत असते. क्लिनोस्टॅटवरही ते प्रवासाला निघतेच, फक्त कोणत्याही बाजूस. आणि धागा तेथेही त्याच्याच मागे जातो. तेव्हा केंद्रक हा ठराव करणारा पुढारी नव्हे, झालेला ठराव अमलात आणणारा कार्यकर्ता आहे. ह्याच लेखात एका बाजूने सोडलेल्या उजेडाचाही परिणाम मोजला होता. तो होतो, पण थोडा, गुरुत्वापुढे दुय्यम. ह्या जातीत उजेड वेळ सांगतो आणि गुरुत्व दिशा सांगते. बीजाणूची दिशा गुरुत्वाने ठरते याचा हा पहिलाच लेखी पुरावा होता. नाइटच्या चाकानंतर 188 वर्षांनी त्याची सुरुवात झाली.

तरी एक शंका राहिलीच. क्लिनोस्टॅटवर गुरुत्व असतेच, फक्त फिरते असते. खरी परीक्षा व्हावयाची तर जेथे वजनच जाणवत नाही तेथे जावयास हवे. 23 जुलै 1999 रोजी कोलंबिया हे अंतराळयान निघाले. आयलीन कॉलिन्स यांच्या रूपाने प्रथमच एका स्त्रीकडे अशा यानाचे नेतृत्व आले होते. यानाचे मुख्य काम होते चंद्र ही क्ष-किरण दुर्बीण आकाशात सोडण्याचे. आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचेच नाव तिला दिलेले आहे. त्याच यानात नेच्याचे झोपलेले बीजाणू होते, काही काचपट्ट्यांवर, काही बशांत, सारे अंधारात. यान कक्षेत गेल्यावर त्यांना उजेड दाखविला गेला आणि घड्याळ सुरू झाले. काचपट्ट्यांवरच्या बीजाणूंचे चित्रण झाले. बशांतले बीजाणू, पृथ्वीवर ज्या तासांत दिशा ठरते त्या काळातल्या चार वेगवेगळ्या वेळी गोठवून परत आणले.

निकाल असा आला. बीजाणू रुजले, वाढले, त्यांच्यात व्यंग नव्हते. फक्त दिशा उरली नव्हती. कोणी इकडे, कोणी तिकडे. पेशींत चालू असलेल्या जनुकांच्या कामात पृथ्वीवरच्या बीजाणूंच्या मानाने सुमारे पाच टक्के फरक आढळला. वाढण्याचे सामर्थ्य बीजाणूचे स्वतःचे. वाट मात्र तो भोवतालाकडून घेतो, हे ह्यातून स्पष्ट झाले.

पुढचा टप्पा पेशीच्या आतला. 2000 साली रू यांच्या मंडळींनी मोजून दाखविले, की रुजणाऱ्या बीजाणूत कॅल्शियम खालच्या अंगाने आत शिरते आणि वरच्या अंगाने बाहेर पडते, आणि ह्या प्रवाहाची रेषा गुरुत्वाच्या रेषेशी जुळते. 2011 साली त्याहून बारीक मोजमाप प्रसिद्ध झाले. पेशी उलटी केली, की अर्ध्या मिनिटाच्या आत प्रवाहही उलटतो. विमान कमानीसारखे वर-खाली नेऊन काही सेकंद वजन नाहीसे केले, की प्रवाह मंदावतो; वजन वाढले की तोही वाढतो. अर्ध्या मिनिटात खबर लागते, आणि त्या खबरीवर काही तास विचार होऊन निर्णय पक्का होतो, असेच जणू म्हणावे.

आता आमच्या सहकाऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. उजेडाचे काम 1868 मध्ये उमगले आणि गुरुत्वाचे 1994 मध्ये, ह्याचे एक कारण आमच्या मते साधे आहे. उजेड रोज जातो-येतो, म्हणून तो आहे हे कळते. गुरुत्व कधी सुटी घेत नाही, म्हणून त्याचे काम कोणाच्या हिशोबात येत नाही. ही गोष्ट आमच्या क्षेत्रात आम्ही जन्मभर पाहत आलो. पहाटे रस्ते झाडणाऱ्या बाया, नाल्यात उतरणारे कामगार, रात्रपाळीला पाण्याचे पंप सांभाळणारे लोक रोज काम करीत असतात, तोवर गावाला ते दिसत नाहीत. चार दिवस काम थांबले, की प्रत्येक घरात त्यांचे नाव निघते. जे न थांबता चालते त्याचे मोल ते काढून घेतल्याखेरीज कळत नाही, ही समाजाची मोठी उणीव आहे. नाइट आणि झाक्स यांनी निदान ते काढून घेण्याआधी युक्तीने ओळखण्याची खटपट केली. तेवढी खटपट गावाने आपल्या माणसांसाठी करावी, तर पुष्कळ संप टळतील.

बीजाणूच्या उदाहरणावरून माणसांचे सिद्धांत काढू नयेत, हे आम्हांस कळते. माणूस म्हणजे बीजाणू नव्हे. आठ तासांनंतर त्याची वाट बंद होत नाही. हॉफमायस्टरची शाळा पंधराव्या वर्षी सुटली, तरी त्याची वाट बंद झाली नव्हती. मात्र त्याला पहाटेचे ते तास मिळाले होते. ज्याला दिवसाकाठी असे तासच मिळत नाहीत, त्याच्याविषयी "त्याच्यात मुळातच काही नव्हते" असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

येत्या पावसाळ्यात भिंतीच्या भेगेत नेचा दिसला, तर तो उपटण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच विनंती. त्याची दिशा फार आधी, कोणाच्याही नजरेस न पडता, ठरलेली असते.